गैरहजेरीचा चहा

६ जानेवारी १९९२
सकाळी सातला दार वाजलं. ह्यांची पार्कातल्या बाकावरची चौकडी! मफलर, माकडटोप्या, चेहरे पडलेले. आता सांत्वन होणार म्हणून मी पदर डोळ्यांकडे नेला. तर मिश्राजी म्हणतात, "भाभीजी, राजारामजी बिना बताए ग़ैरहाज़िर हैं। चाय पिलानी पड़ेगी।"

बाकाचा नियम आहे तो. न सांगता दांडी मारली की सगळे त्याच्या घरी चहाला. ह्यांनी ती वेळ कधी येऊ दिली नाही. सर्दी व्हायची असली तरी आदल्या दिवशी सांगून यायचे! ह्यांचं तेरावं होऊन आठवडा झाला नाही, आणि ही माणसं चहा मागतात.

केला. करते काय?

१३ जानेवारी
पुन्हा तेच. सोमवार धरलेला दिसतो. अन्सारीसाहेब "आप तकलीफ़ न कीजिए" म्हणतात आणि दोन कप पितात. मिश्राजींना मधुमेह, पण साखर दोन चमचे हवी. मी अर्धा घालते आणि दोन सांगते.

म्हणे हे बाकावर नाट्यगीतं म्हणायचे! घरी कधी शीळसुद्धा घातली नाही. आधी राग आला. मग आत जाऊन रडले. दूध उतू गेलं.

१५ जानेवारी
धनंजयचा पुण्याहून फोन. "आई, लखनौत आता तुझं आहे कोण? घर विकून टाकू, तू इकडे ये."

मुलगा खोटं बोलत नाही. विकास नगरात माझ्या ओळखी म्हणजे सब्जीवाला आणि गॅसवाला. बाकी सगळे ह्यांचे.

२७ जानेवारी
चहा पिता पिता मिश्राजी — "उनकी जगह ख़ाली है, धूप भी वहीं आती है। आप ही आ जाइए।" म्हटलं, तिथे बायका कुठे बसतात? अन्सारीसाहेब म्हणाले, "मना तो कहीं नहीं लिखा।"

२८ जानेवारी
गेले. बाक थंडगार. मेथीचे लाडू नेले होते. कडू आहेत म्हणत सगळे संपवले.

१० फेब्रुवारी
रोज जाते. सोमवार असून आज चहाला कोणी आलं नाही. मिश्राजींना विचारलं. "राजारामजी की जगह तो भर गई। अब ग़ैरहाज़िरी कैसी?"

बरं झालं, दूध वाचलं.

दुपारभर चैन नाही. म्हणजे मी तिथे ह्यांची जागा भरायला बसते! मी नसले तर कोणाला कळेल तरी का? मला ह्या वयात हे असं वाटतं, याचीच लाज वाटते.

१६ फेब्रुवारी
धनंजयचा फोन. "तिकीट काढू ना?" उद्या सांगते म्हटलं.

उद्या बाकावर जाणार नाही. कोणाला कळवणारही नाही. आलं कोणी तर ठीक. नाही आलं तर पुणं.

दूध लिटरभर जास्त घेऊन ठेवलंय. उगीच.

१७ फेब्रुवारी
सातला दार वाजलं. "भाभीजी, आज की चाय आपकी ग़ैरहाज़िरी की।"

मिश्राजींना खरोखरचे दोन चमचे घातले. एकदाच.