कंपनीचा की लाँग बाटली

१४ फेब्रुवारी २०१६, रविवार. सकाळी सात.

"तुमची गाडी चौबाऱ्यात वळली की मला हितं चुलीपाशी कळतंय." शिवकांता हे १९९६ साली म्हणाली होती. लग्नाला चार महिने झाले होते. काल नांदेडहून परत येताना लोह्याच्या पुढे हे वाक्य एकदम आठवलं आणि उदगीर येईपर्यंत डोक्यातून गेलं नाही.

कारण काल असं झालं. बुलेट नांदेडला मायलेकी राहतात त्या खोलीच्या बरोबर खिडकीखाली उभी केली. उगीच एकदा रेस केली. वर काही हालचाल नाही. गाठोडं घेऊन जिना चढलो, कडी वाजवली. पोरीनं, म्हणजे नीलांबिकानं, दार उघडलं. मी विचारलं, पाणी आलं का? शिवकांता कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "सकाळीच आलंय. कपडे मोरीत ठिवा."

विचारांती दोष सायलेन्सरचा आहे. तेव्हाची जुनी बुलेट चार गल्ल्यांना ऐकू जायची. ही नवी. कंपनीच्या सायलेन्सरमधून आवाज असा येतो, जसं कुणी गोधडीत तोंड घालून बोलतंय. बाईला ऐकूच आलं नाही तर ती दारात येणार कशी?

निर्णय: सायलेन्सर बदलणे. याच आठवड्यात.

१६ फेब्रुवारी, मंगळवार.

खाजा मिस्त्रीकडे गेलो. त्यानं 'लाँग बाटली' दाखवला. बाटलीसारखा लांब सायलेन्सर, आत आवाज दाबणारी जाळी नावापुरती. खाजा म्हणाला, "अमृतसेठ, कंपनीका सायलेन्सर बोले तो सासुरवाडीत बसलेला जावई. पोट भरलं तरी तोंड उघडत नै. ये लगाव. तुमी शिरूरला असताल, आवाज उदगीरमें बैठके चाय पियेगा."

म्हणालो, विचार करून सांगतो. घाईत निर्णय घेणाऱ्यांपैकी मी नाही.

२२ फेब्रुवारी, सोमवार.

जिल्हा कृती समितीची बैठक. उदगीर जिल्हा होणार हे नक्की. १ मेला घोषणा. समितीच्या सिद्रामप्पांना आतून कळलंय. कुठून आतून, ते त्यांनी सांगितलं नाही.

दुपारी दुकानाच्या पाटीवरचं 'जि. लातूर' पुसून 'जि. उदगीर' लिहून घेतलं. पेंटर म्हणाला, "मालक, आधी खडूनं लिहू का?" दुर्लक्ष केलं.

जिल्हा झाला की कलेक्टर येईल, कलेक्टर आला की पाणी येईल, पाणी आलं की क्लासेस इथंच येतील. नांदेडचं कुणाला कौतुक राहणार नाही.

२७ फेब्रुवारी, शनिवार. नांदेड. दुपारी दोन.

दोघी गेल्या जूनपासून इथं आहेत. नीलांबिका बारावीला, तिचा क्लास इथला, म्हणून. मेच्या पहिल्या आठवड्यात सीईटीची परीक्षा, मग दोघी उदगीरला. उदगीरला नळ पंचवीस दिवसांनी येतो. माझं दुकान पाण्याच्या टाक्यांचं. घरी नऊ टाक्या आहेत, नऊच्या नऊ रिकाम्या. म्हणून मी दर शनिवारी आठवड्याचे कपडे गाठोड्यात बांधून आणतो, धुऊन-वाळवून संध्याकाळी परत नेतो. यात वावगं काही नाही. सध्या सगळेच असं करतात.

खाली क्लासच्या मुलींची मेस आहे. घरमालकीण कुसुमताई, रिटायर्ड शिक्षिका, ती चालवतात. शिवकांता बावीस मुलींचा स्वयंपाक करते. वेळ जावा म्हणून.

जेवताना जिल्ह्याचं सांगितलं. पाटीचंही. शिवकांता म्हणाली, "झाला की कळवा. न झालेल्या जिल्ह्यात मी कशी यिऊ?" नीलांबिका हसली. मीही हसलो.

म्हणजे जिल्हा झाला की येणार. शब्द दिला असंच धरायचं.

८ मार्च, मंगळवार.

काल महाशिवरात्रीचा उपास. मन एकदम शांत. आवाज हे अहंकाराचं लक्षण आहे. सायलेन्सर बदलणार नाही. हा शेवटचा निर्णय.

फार तर मोठा हॉर्न.

९ मार्च.

हॉर्न लावून पाहिला. शेजारच्या मडिवाळप्पांची म्हैस दावं तोडून पळाली. आधीच वाळून अर्धी झालेली. तासभर तिच्यामागे फिरलो. हॉर्न काढला.

१२ मार्च, शनिवार. नांदेड.

महत्त्वाची माहिती मिळाली. बोलता बोलता नीलांबिका म्हणाली, "अप्पा, तुमच्या गाडीचा आवाज आला की आई आधी नळाखाली बादली लावती."

म्हणजे ऐकू येतं! एवढ्याशा आवाजातही गाडी ओळखते. आणि उठते. पण आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे बादली लावण्यातच सगळा वेळ जातो. तोच आवाज दोन मिनिटं आधी पोचला तर बादली लावून दारात येण्यापुरती सवड मिळेल.

हिशेब सरळ आहे. लाँग बाटली.

पोरीला हे समजावून सांगितलं. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. अभ्यासाचा ताण दिसतो.

२६ मार्च, शनिवार.

खाजाकडे माल संपलाय, पाडव्याला येणार. नांदेडला कुसुमताई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "तुमच्या मिसेसच्या हाताला चव आहे हो. जूनपासून दुसऱ्या मजल्यावरच्या मुलींचं जेवणही त्यांच्याकडेच देतेय." मी म्हणालो, जूनमध्ये शिवकांता इथं नसेल. ताई म्हणाल्या, "असं?" आणि वर निघून गेल्या.

वय झालंय. गैरसमज होतात.

८ एप्रिल, शुक्रवार. गुढीपाडवा.

बसवला! खाजानं किक मारली तशी त्याच्या दुकानातली पत्र्याचा डबा फळीवरून खाली आला. छातीत भरतो आवाज. १९९६ परत आलं.

चौबाऱ्यातून घराकडे वळलो तर गल्लीतल्या बायका घागरी, कळश्या, डबे घेऊन बाहेर. रांगसुद्धा लागली. मला वाटलं सणाचं काही असेल. मडिवाळप्पा म्हणाले, "काय हो अमृतराव, लोकांना वाटलं टँकर आला!" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आपापली भांडी उचलून आत गेल्या. गुरम्मा तेवढी उभी राहिली. म्हणाली, "मागून येतोय का रं टँकर?" ऐंशीच्या पुढची म्हातारी. नाही म्हणायला जड गेलं. बघून सांगतो म्हणालो.

उद्या नांदेड.

९ एप्रिल, शनिवार. नांदेड.

खोलीला कुलूप. योगायोग. पायरीवर गाठोड्यावर बसून दीड तास काढला. शिवकांता आली, म्हणाली, "देवळात गेलते." कोणत्या, ते विचारलं नाही. गाडीचा आवाज कसा वाटला, विचारलं. "ऐकला की," म्हणाली. "पुलावर होताव तवाच."

पुलापासून ऐकू येतो! खाजाला सांगितलं पाहिजे.

१२ एप्रिल, मंगळवार.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं. टीव्हीवर दिवसभर तेच. उदगीरला रेल्वे आहे, पाणी नाही. गुरम्माच्या घरावरून जाताना गाडी बंद करून ढकलत नेतो. तेवढाच व्यायाम.

१६ एप्रिल, शनिवार. नांदेड.

परत कुलूप. कुसुमताई म्हणाल्या, "आत्ता गेल्या बघा. चप्पल घालता घालताच गेल्या." मी म्हणालो, काही काम निघालं असेल. त्या म्हणाल्या, "शनिवारीच निघतं."

किल्ली ताईंकडे ठेवलेली होती. आत मोरीत मात्र बादली भरून ठेवलेली होती. साबणही.

२३ एप्रिल, शनिवार. नांदेड. दुपार.

आज पुलाच्या अलीकडेच गाडी बंद केली आणि ढकलत नेली. लाँग बाटलीसकट बुलेट ढकलणं सोपं नाही. ऊन बेचाळीस. एकानं विचारलं, "काका, पेट्रोल संपलं?" हो म्हणालो. घराशी पोचलो तेव्हा शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता. हाही गाठोड्यात जाणार.

दार सताड उघडं. आत नीलांबिका आणि मेसच्या दोन मुली कैरीच्या फोडी खात बसलेल्या. मधे शिवकांता. उशी काखेत धरून, पोट पुढं काढून चालत होती आणि तोंडानं आवाज काढत होती. डग डग डग डग. मग उशी धपकन खाली टाकली आणि जाड आवाजात म्हणाली, "पाणी आलं का?"

मुली हसून लोळल्या. शिवकांताही. डोळ्यांना पदर लावून हसत होती. वीस वर्षांत तिला नक्कल करताना मी पाहिलं नव्हतं. येत असेल असंही वाटलं नव्हतं. फार हुबेहूब होती.

मग तिनं मला पाहिलं. हसणं तिथंच थांबलं. मुली उठल्या. ती उठून मोरीकडे गेली. बादलीचा आवाज आला.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. छान करतेस, असं काही. शोधत होतो. तोंडातून निघालं, पाणी आलं का?

१ मे, रविवार. उदगीर.

झेंडावंदन. घोषणा नाही. सिद्रामप्पा म्हणाले, १५ ऑगस्टला नक्की. आतून कळलंय.

पाटी तशीच ठेवली आहे. कालचा शनिवार पहिल्यांदाच चुकवला. दुकानात काम होतं. काम नव्हतं.

५ मे, गुरुवार.

नीलांबिकाची परीक्षा झाली. पेपर बरा गेला म्हणाली. सामान आणायला शनिवारी टेम्पो ठरवला. जिल्हा झाला नाही हे खरं, पण परीक्षा तर झाली.

७ मे, शनिवार. नांदेड. सायंकाळी.

टेम्पो परत पाठवला.

खोलीत काहीच बांधलेलं नव्हतं. भिंतीवर खिळे, खिळ्यांना पिशव्या, सगळं जागच्या जागी. शिवकांता म्हणाली, "मी न्हाई यायले."

मी म्हणालो, जिल्ह्याचं १५ ऑगस्टला... तिनं हात जोडले. म्हणाली, "जिल्हा ऱ्हाऊ द्या आता."

मग मी सायलेन्सरचं सांगितलं. पहिल्यापासून. १९९६ सालचं तिचं बोलणं, दारात येण्याचं, दोन मिनिटांच्या सवडीचं. सांगताना माझ्याच लक्षात येत होतं की हे मोठ्यानं बोलल्यावर बरोबर वाटत नाही. ती भाकरी थापायची थांबली होती.

म्हणाली, "मी तसं बोल्लेलं मला ध्यानात बी न्हाई."

हाताचं पीठ झटकून म्हणाली, "मला गाडीचा राग न्हाई. कपड्याचा बी न्हाई, दुष्काळच हाय, कुणीतरी धुवावंच लागतंय. पर वरीसभर येऊलालाव तुम्ही. दारात पाय ठिवला की पाणी आलं का. एकदा तरी इचारलं का, तू कशी हाईस म्हणून? हितल्या पोरी इचारतेत. काकू, दमलाव का म्हणतेत. लोकाच्या पोरी."

मी म्हणालो, सगळेच तसं विचारतात सध्या. गावात कुणी भेटलं तरी आधी तेच.

"हाव," ती म्हणाली. "गाववाले."

खालून मुली ताटं वाजवायला लागल्या. ती भाकऱ्यांची दुरडी घेऊन गेली. नीलांबिका माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "अप्पा, आई हितं बरी हाय." मी म्हणालो, दिसतंय.

हे मला बरेच महिने दिसत होतं. वहीत लिहिलं नाही एवढंच.

१० मे, मंगळवार. उदगीर. सकाळी.

काल बसवेश्वर जयंतीची मिरवणूक झाली. गेलो नाही. खाजाकडून कंपनीचा सायलेन्सर परत बसवून घेतला. का, असं त्यानं विचारलं नाही. लाँग बाटली कागदात गुंडाळून फळीवर ठेवला आणि म्हणाला, "रहने दो सेठ, होता ऐसा."

कपडे घरीच धुतले. एका बादलीत. साबण नीट निघत नाही, शर्ट वाळल्यावर पुठ्ठ्यासारखा होतो. तोच घालून दुकानात बसलोय. तू कशी आहेस, हे फोनवर लिहून तीन वेळा पुसलं. आत्ता विचारलं तर तिनं सांगितल्यावर विचारलं असं होतं.

दुसरं एक विचारायचं आहे. ती नाही म्हणणार, मला माहीत आहे. बारा ते एक मुलींची जेवणं असतात, बावीस होत्या, आता दुसरा मजलाही येईल. शिवाय ती यावी असं मी काय केलंय, तेही आठवून पाहिलं. तरी मजकूर लिहून ठेवतो, इथून बघून फोनवर उतरवीन.

शिवकांता, शनिवारी गाडी आणत नाही. एसटीनं येतोय, साडेबाराला पोचेन. सोबत काही सामान नाही. तुला जमणार नाही, तरी विचारतो. मला घ्यायला स्टँडवर येशील का?