मापाचा माणूस

२ जून
नोकरीचा पहिला दिवस. खिडकीजवळची जागा, फिरती खुर्ची. इथे सिनेमासाठी संगणकावर पाणी बनवतात: नद्या, डबकी, पेल्यातलं पाणीसुद्धा. मॅडमनी सगळ्यांना मी अर्जासोबत पाठवलेलं नमुन्याचं तळं दाखवलं आणि म्हणाल्या, हा पोरगा पाणी नुसतं शिकून नाही, पिऊन आलाय. सगळे हसले, मीही हसलो. आईला फोन केला. तिने तोवर मावशीला आणि दोन्ही काकूंना कळवलंही होतं.

४ जून
इथे तरी खरं लिहितो. ते तळं माझं नाही, मास्तरचं आहे. क्लासमध्ये तो माझ्या शेजारी बसायचा आणि सगळं मला समजावून सांगायचा, म्हणून मास्तर. मी क्लास अर्धवट सोडला. तो मागच्या वर्षी तापाने गेला. त्याची फाइल माझ्याकडे राहिली. मी फक्त कोपऱ्यातलं त्याचं नाव पुसून माझं घातलं.

९ जून
मोठं काम मिळालं. तेच तळं, पडद्याभर. मास्तर सांगायचा, पायाशी पाहिलं तर तळ दिसला पाहिजे, लांब पाहिलं तर आभाळ, आणि मधे दोन्ही एकमेकांत विरायला हवीत. मला येतं ते एवढंच. त्याच्या आकड्यांना मी हात लावत नाही.
आज पाण्यातल्या प्रतिबिंबात एक माणूस दिसला. काठावर मात्र कोणी नाही. घाबरण्यासारखं काही नाही. प्रतिबिंबाची उंची तपासायला मास्तर काठावर मापाचा माणूस उभा करायचा आणि काम झालं की काढून टाकायचा. तोच राहून गेला असेल.

१० जून
दृश्यातल्या वस्तूंची यादी तीनदा वाचली. काठ, झाडं, दगड, पाणी, आभाळ. माणूस नाही.
शेजारच्या टकलूला दाखवलं. तो म्हणाला, बाबा रे, जेवून घे आधी.

११ जून
मापाच्या माणसाला चेहरा नसतो. याला आहे. डाव्या हाताने उजवं कोपर धरून उभा आहे. मास्तर असाच उभा राहायचा.

१२ जून
नवी फाइल उघडली. फक्त पाणी आणि आभाळ. काठच नाही. तरी तो आहे. कालच्यापेक्षा जवळ.

१३ जून
मॅडमनी पाहिलं. हा कोण, म्हणून विचारलं. सांगायची वेळ हीच होती. मीच आहे, म्हणालो, सही म्हणून स्वतःला ठेवलंय. झकास, राहू दे, म्हणाल्या.
लाज वाटते. फार लाज वाटते.

१४ जून
त्याच्या अंगात माझा निळा शर्ट आहे.
बेसिनवरच्या आरशात फरशा दिसतात, दार दिसतं, टॉवेल — मी नाही.

१६ जून
मॅडमच्या टेबलाशी उभा राहून सगळं सांगितलं. तळं माझं नाही, मास्तरचं आहे. दोनदा सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. मग माझ्या खुर्चीकडे बघून हाक मारली, आणि खुर्ची — फिरली.

१७ जून
आईचा फोन. त्याने उचलला. माझ्याच आवाजात. जेवलास का, विचारत होती. तिलाही कळलं नाही —
फाइल उघडलीय त्याने. कोपऱ्यात माझं नाव आहे. शेवटून पुसतोय, एकेक अक्षर, मी पुसलं होतं तसंच. मास्तर, चुकलं माझं. एकच अक्षर उरलं. मी —