उंबऱ्यावरचा बिब्बा

आबा, तुम्ही होता तेव्हा मला लिहिता येत नव्हतं आणि तुम्हाला तर वाचता कधीच आलं नाही. अक्षरं मला लग्नानंतर तुमच्या जावयांनी शिकवली, चुलीपुढच्या राखेत बोट फिरवून. आता हिंगोलीत आमच्या घरची बाजाराची यादी मीच करते. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. आज लिहायला का बसले ते ऐकाल तर हसाल. तुमच्या नातीनं, सहा वर्षांची आहे, कुठून तरी कुत्र्याचं पिल्लू उचलून आणलं आणि त्यानं दोन दिवसांत खाटेचा एक खूर आणि माझा पोळपाट कुरतडून ठेवला. मी हात उगारला तशी पोरगी मधे आली. म्हणाली, "माय, मारू नको. त्याला कसं शिकवायचं ते सांग." मला ते येतं, चांगलंच येतं, तुम्हीच शिकवलेलं. पण सांगायला तोंड उघडेना. मी घागर उचलली आणि घरात पाणी असताना विहिरीवर गेले.

आपलं पिल्लू तांड्यावरून आलं होतं. तिथल्या एकाला तुम्ही गाडीचं जू करून दिलं, त्यानं ज्वारीबरोबर ते तपकिरी गाठोडं माझ्या ओच्यात टाकलं. मी दहा वर्षांची असेन. सुताराच्या घरात दात फुटणारं कुत्रं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. आठ दिवसांत त्यानं पाट खाल्ला, खाटेचे खूर खाल्ले, कुणाची तरी पेरणीआधी दुरुस्तीला आलेली तिफण चावून तिचं एक टोक झाडूसारखं केलं. तुम्ही नवीन टोक बसवून दिलं आणि पिल्लाला काही म्हणाला नाहीत. पण त्यानं उंबरा धरला तेव्हा मायचा संयम संपला. "उंबरा खाऊन राहिलं ते! लक्ष्मीची जागा हाय. अमावस्येपरेंत सुधरलं तर ठेवा, न्हाई तर तांड्यावर वापस." तिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे आपल्या दोघांना माहीत होतं. हातात पंधरा दिवस होते आणि ते पिल्लू रात्रंदिवस माझ्या पायात घोटाळत होतं.

तुम्ही मला कडुलिंबाखाली, तुमच्या कामाच्या जागी बसवून शिकवलं. हातात रंधा चालू, छिलके माझ्या परकरावर पडतायत, आणि तुम्ही सांगताय, जसं गिऱ्हाइकाला सांगावं तसं, बराबरीनं. "त्याच्या हिरड्या शिवशिवून राहिल्या, बाई. लाकूड खाल्ल्याबिगर त्याला चैन न्हाई. मग त्याचं लाकूड त्याला दे." बोरीचं ओलं दांडकं तोडून दिलंत. आपलं काही त्याच्या तोंडात दिसलं तर हिसकायचं नाही, दांडकं पुढं करायचं, त्यानं बदललं की पाठीवरून हात फिरवायचा. खाटेच्या खुरांना लिंबाचा पाला वाटून लावायचा. नजर ठेवता येत नसेल तेव्हा बांधून ठेवायचं. आणि मारायचं नाही. मी विचारलं, "काहून? माय तर मारते." तुम्ही म्हणालात, "आत्ताचं खाल्लेलं ते आत्ता इसरते. मागून मारलंस तर त्याला एवढंच कळंल, की तू आलीस म्हंजी मार बसतो."

मी तसंच केलं, आणि खरंच ते सुधारत गेलं. खाट सुटली, पाट सुटला. दांडकं घेऊन ते तुमच्या छिलक्यांत लोळायचं. राहिला फक्त उंबरा. उंबऱ्याला मी पाला लावला की माय तो पुसून टाकायची. "लक्ष्मीच्या वाटंवर कडू लावतेस? अक्कल हाय का न्हाई?" ती रोज पहाटे उंबरा पाण्यानं पुसून हळदीकुंकू लावायची आणि शुक्रवारी वर गुळाचा खडा ठेवायची. ते पिल्लू तिथंच का जातं हे आता मला कळतं. घरात एक बाई गूळ ठेवत होती आणि तीच बाई त्याला गूळ चाटू नको म्हणून मारत होती. तेव्हा हे आपल्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही, तुमच्याही नाही.

अमावस्येला दोन दिवस राहिले असताना तुम्ही आखाडा बाळापूरच्या बाजारातून आलात, तोंडभर हसत. बाजारात चार माणसांत सांगून आला होतात की, माझ्या पोरीनं कुत्रं वळणाला आणलं, आता काडीला तोंड लावत नाही. मायला सांगताना तुम्ही माझ्याकडे बघत होता. आबा, तशी शाबासकी मला आधी कधी मिळाली नव्हती. आपल्याकडे पोरीला कोण शाबासकी देतं. आणि त्याच दिवशी दुपारी पिल्लू उंबऱ्याशी दात घासत होतं, ते फक्त मी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माय शेतावर भाकरी घेऊन गेली, तुम्ही डोळा मिटून लिंबाखाली पडला होता. वाळवी लागू नये म्हणून तुम्ही लाकडाला लावायचात ते बिब्ब्याचं तेल, त्याचं मडकं मी उतरवलं. त्याला हात लावायचा नाही हे मला चालायला यायच्या आधीपासून माहीत होतं. काडीला चिंधी गुंडाळली आणि उंबऱ्याच्या दोन्ही कडांना तेल लावलं. काळ्या, जुन्या सागावर काळं तेल. मायला दिसणार नाही, पुसलं जाणार नाही. कुठंही ओघळ येऊ दिला नाही. मला वाटलं, कडू म्हणजे कडू, हे जरा जास्त कडू. बिब्बा उततो, अंगावर फोड आणतो, हे ठाऊक होतं, पण तो माणसांना उततो, कुत्र्याला काय होणार, असा माझा हिशेब. आणि उंबरा पहाटे हातानं पुसणारी एक बाई घरात आहे, हे माझ्या मनातही आलं नाही.

पिल्लाचं तोंड संध्याकाळीच सुजलं. मी ते लाकडांच्या ढिगामागं बांधून ठेवलं आणि गप्प बसले. सकाळी मायचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल, आणि दुपारपर्यंत टरारून फोड. ती दाराशी बसून लहान पोरीसारखी रडत होती. तुम्ही तिच्या हातांना तीळ वाटून लावलेत, तिला आत निजवलंत आणि मग रंधा घेऊन उंबऱ्यापाशी आलात. मी तिथंच उभी होते. तुम्ही खाली वाकून बघितलंत, बराच वेळ. सांडलेलं तेल थेंबाथेंबानं पडतं, त्याचे डाग होतात. इथं तर सूत धरून ओढल्यासारखी रेघ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सुताराला ती न कळण्यासारखी नव्हती. तुम्ही मान वर न करता विचारलंत, "बाई, मडक्याला कोणाचा हात लागला का?"

मी म्हणाले, "न्हाई."

"बरं," म्हणालात, आणि दोन्ही कडा रंध्यानं साफ करून टाकल्यात. छिलके फडक्यात गोळा करून लांब नेऊन पुरलेत. मग आत जाऊन मायला सांगितलंत, "माझ्याच हातून सांडलं. काल गाडीला लावत व्हतो." ती म्हणाली, "एवढा कसा हात ढिला पडला तुमचा?" तुम्ही परात ओढून पीठ मळायला बसलात.

पुढं पंधरा दिवस तुम्ही भाकरी थापल्यात. एकही गोल झाली नाही, आणि माय दुखत्या हातांनीही हसली. पण ते हसण्यावारी गेलं नाही. बायकांच्या तोंडून गोष्ट गावात गेली, गावातून बाजारात. ज्या माणसाच्या हातून तेलाचा थेंब सांडत नाही असं लोक सांगत, त्याच्या घरात बाईचे हात जळाले. एका मोठ्या घरच्या लग्नाचे पाट-चौरंग दर वेळी तुमच्याकडे यायचे, ते त्या वर्षी दुसऱ्या गावी गेले. त्यांचा माणूस अंगणात बसून तुमच्या तोंडावर म्हणाला, "आता तुमचा हात हालून राहिला म्हंतेत." तुम्ही "व्हय, वय झालं," म्हणालात. चाळिशीही उलटली नव्हती तुमची, आबा. मी दाराआड उभी होते. दोन पावलं पुढं यायचं होतं फक्त.

पिल्लू बरं झालं. त्यानंतर त्यानं लाकडाला तोंड लावलं नाही, बोरीच्या दांडक्यालाही नाही. आणि ते घरात आलं नाही. उंबऱ्यापर्यंत यायचं, थांबायचं, परत फिरायचं. पावसात भिजायचं, पण आत नाही. मायला तेच हवं होतं, तिनं त्याला ठेवून घेतलं. लोक म्हणायचे, पोरीनं काय वळण लावलंय. बायका आपली पिल्लं घेऊन विचारायला यायच्या आणि मी ऐटीत सांगायची, लिंबाचा पाला.

माझं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही माझ्यासाठी सागाचा पोळपाट घासत होता. मी जवळ बसले होते. मधेच हात थांबवून म्हणालात, "बाई, काही सांगायचं राहिलं का?" मी म्हणाले, "काय राहणार?" तुम्ही परत घासायला लागलात.

वैशाखात तुम्ही तापानं गेलात तेव्हा मी धावत आले, पण उशिरा. तुम्हाला आत, जमिनीवर ठेवलं होतं. कुत्रं बाहेर उंबऱ्यापाशी उभं होतं, पुढचे पाय अगदी कडेला. कुणी भाकरी दाखवली, कुणी चुचकारलं. मी स्वतः आत बसून हात पुढं केला, ये म्हणाले. ते थरथरत होतं, रडल्यासारखा आवाज करत होतं, मान लांब करून तुमच्याकडे बघत होतं. आलं नाही. तुम्हाला बाहेर काढलं तेव्हाच त्याला तुमच्या पायांचा वास घेता आला. त्या दिवशी मी जेवढी रडले ते सगळ्यांना बापासाठी वाटलं.

विहिरीवरून आल्यावर मी तुमच्या नातीला सगळं शिकवलं. दांडकं द्यायचं, बदलायचं, मागून मारायचं नाही. तिनं विचारलं, "तुझ्या कुत्र्यानं परत कधीच न्हाई खाल्लं?" मी म्हणाले, "न्हाई. लई शहाणं व्हतं."

बघा, अजून तेच चाललंय. आबा, इतकी वर्षं मी मनाशी म्हणत आले की तुमचा बाजारातला शब्द खोटा पडू नये म्हणून मी ते तेल लावलं, आणि माराच्या भीतीनं खोटं बोलले. मार तुम्ही कधी दिलाच नव्हता, मग भीती कसली. तुम्ही बाजारातून येऊन माझ्याकडे बघून हसला होतात, ते हसू मला परत द्यायचं नव्हतं. एवढंच होतं.