चंद्रीची तिसरी सुई

कल्याण, ता. ६ एप्रिल १८९५

चि. विश्वंभर यास हरिहरचे अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. माघात तू सुई टोचलीस आणि दुसऱ्या दिवशी चंद्रीला ताप भरला. ताप म्हणजे क्षय, असे तू म्हणालास, म्हणून आपण तिला पांजरपोळात आजारी जनावरांत सोडून आलो. तेव्हापासून लिहायला बसवत नाही. गाय तुझ्या वहिनीच्या माहेरची. चांगली खाते-पिते, हिला कसला रोग, असे ती सारखी म्हणत होती. मीच तिला गप्प केले, की विश्वंभर गुरांचा डॉक्टर आहे. आता कलावतीला तेच दूध पाजले या धास्तीने तिला जेवण जात नाही. पोरीला काही होईल का, ते खरे कळव. लोभ आहे तो वाढू दे.

उद्याचे काम: वासरासाठी दूध पाहणे.

कोपरी, ठाणे, ता. १२ मे

ती. दादांस विश्वंभरचा सा. न. वि. वि. पत्राखालीही उद्याचे काम! तुमची रोजनिशी टपालातही पाठ सोडत नाही. वहिनींना सांगा, कलावतीची काळजी नको. चंद्री निरोगीच होती.

क्षयाचे जंतू मांसाच्या रश्श्यात वाढवून अर्क काढतात; तो टोचला की क्षयी जनावराला ताप येतो, निरोग्याला येऊ नये. त्यात रश्श्याचा गाळ फार, त्याने निरोगी जनावरालाही ताप येतो, असा माझा संशय. मी तो मद्यार्काने साफ करून जंतूंचे सत्त्व तेवढे पांढऱ्या भुकटीत उतरवले. पण आमच्या खात्याच्या साहेबाला पुरावा हवा. दिवाळीत चंद्रीला ताकदीची म्हणून टोचली, ती साफ अर्काची सुई. ताप आला नाही, म्हणजे गाय निरोगी. मग माघात मुद्दाम कच्चा अर्क टोचला, आणि ताप! आधी बोललो असतो तर वहिनींनी गोठ्यात पाऊल ठेवू दिले नसते. पुढे निबंध छापून येईपर्यंत बोलू नको, असे साहेबाने बजावले. आता तो छापून आला.

परवा चंद्रीला परत आणायला गेलो. खात्रीसाठी साफ अर्क टोचला. या खेपेस मात्र ताप आला, म्हणजे आता खरा क्षय. तिथल्या जनावरांचा संसर्ग, दुसरे काय. वाईट वाटले. माया पातळ होऊ देऊ नये.

कल्याण, ता. १५ मे

विश्वंभर,

पत्र पोचले. तुझा शोध खरा आहे. खोट्या तापापायी जाणारी पुष्कळ गुरे त्याने वाचतील. हे मनापासून लिहितो. मला लागले ते गाईसाठी की माझ्या मानासाठी, हेही स्वतःला विचारून पाहिले. दोन्हींसाठी. ज्याच्या शब्दावर मी हिचा शब्द मोडला, त्याला तो शब्द खोटा असल्याचे सुई भरतानाच ठाऊक होते. पांजरपोळाच्या वाटेवर मी दावे धरले होते आणि तू चंद्रीला केळ्याच्या साली चारत होतास. तेव्हा तरी बोलायचे होतेस रे.

कलावतीपुरते हिला सांगितले. आज पोटभर जेवली. बाकीचे पत्र माझ्या बंडीच्या खिशात आहे. लोभाचे नेहमीचे वाक्य आज लिहवत नाही.

उद्याचे काम: उरलेले पत्र हिला वाचून दाखवणे.