रोज उभे राहता तसे उभे राहा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकसष्ट, अविवाहित, धंदा कोट शिवण्याचा, आज माझ्या दुकानात कापण्याच्या टेबलाशी उभी राहून हे मृत्युपत्र लिहीत आहे. उभी अशासाठी की खुर्चीपेक्षा मला उभे राहणे सोसते. कोणी माझा हात धरलेला नाही, कोणी मला भरीला घातलेले नाही, आणि माझे मन शुद्धीवर आहे.

या वाक्यापाशी वकीलबाईंनी मला थांबवले. म्हणाल्या, "बस, एवढंच ठेवा. ते औषधांचं वगैरे नको. उगाच कुणाला बोट ठेवायला जागा मिळते." मी म्हटले, बोट ठेवायचेच असेल तर कुठे ठेवायचे ते मीच दाखवते. म्हणून नोंदवते की मला वीस वर्षांपासून नैराश्याचा आजार आहे. त्यासाठी मी रोज सकाळी गोळी घेते आणि महिन्यातून एकदा मनाच्या डॉक्टरांकडे जाते. पाठीचा आजार त्याहून जुना, बत्तीस वर्षांचा. माझे मणके एकमेकांना जुळत गेले आणि आता मानेपासून कमरेपर्यंत ते एकच हाड आहे, पुढे वाकलेले. मागून कोणी हाक मारली की मी अख्खी वळते, आणि लोकांना वाटते केवढा हा आदर. हे दोन्ही आजार धरून माझे मन शुद्धीवर आहे. वाक्य बदलायचे नाही.

कलम पहिले. हे दुकान, माझ्या नावावर असलेले, आतल्या टेबलासह आणि दोन्ही यंत्रांसह, काजवालीला द्यावे. बावीस वर्षे माझ्याकडच्या प्रत्येक कोटाची काजे तिने हाताने केली आहेत. पण दुकान मी तिला काजांसाठी देत नाही.

एक्केचाळिसाव्या वर्षी मी अंथरुणाला खिळले, आणि ते पाठीमुळे नव्हे. पाठ दुखत होतीच, पण तिच्याशी माझी ओळख जुनी होती. या वेळी उठावेसेच वाटेना. केस विंचरावेसे वाटेनात. जगायला नको असेही वाटले, आणि हे मी आज पहिल्यांदा लिहून देत आहे. येणारा प्रत्येक जण सांगे, ऊठ, हिंमत धर, लोकांना काय काय होते. एकटी काजवाली कधी ऊठ म्हणाली नाही. दुकान झाडून ती माझ्या खोलीवर येई, अर्धवट कोट मांडीवर घेई आणि दोन धागे पुढे धरून विचारी, "ताई, हा की हा?" मी भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. ती थोडा वेळ थांबे, काज तसेच ठेवून जाई, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येई. सात आठवडे असे गेले. मग एक दिवस तिने गडद निळ्या कोटासाठी एक हिरवा आणि एक पिवळा धागा पुढे धरला.

"अगं, डोळे फुटले का तुझे?" मी म्हटले.

सात आठवड्यांतले ते माझे पहिले धड वाक्य. "मग कोणता घेऊ?" ती म्हणाली. मी उठून बसले आणि धाग्यांचा डबा आण म्हणून सांगितले. तिने ते मुद्दाम केले का, हे मी विचारलेले नाही आणि तिनेही सांगितलेले नाही. त्या दिवशी मी बरी झाले असे मात्र कोणी समजू नये. त्या दिवशी फक्त धागा निवडला.

कलम दुसरे. माझ्या एकोणीस मापवह्या काजवालीकडेच राहाव्यात, आणि त्या जाळणाऱ्याचे भले होणार नाही. या वह्या म्हणजे माझा खरा धंदा. माप घेताना माणूस ताठ उभा राहतो. छाती काढतो, पोट आत घेतो, खांदे उचलतो. शिंपी ते माप लिहितो, आणि कोट तयार झाला की तो या माणसाला होत नाही, कारण मापाला आलेला माणूस दुसराच होता. माझी पाठ वाकू लागल्यावर मी स्वतःचा कोट तीनदा उसवला. कॉलर मानेपासून सुटायची, मागची कड वर चढायची आणि पुढची टोके गुडघ्याशी लोंबायची. चौथ्यांदा पाठीचा भाग लांब कापला, पुढचा आखूड केला, आणि आरशात पहिल्यांदा मी दिसले, आजार दिसला नाही. तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, ताठ राहू नका, रोज उभे राहता तसे उभे राहा. एक खांदा खाली असलेले, कुबड असलेले, एक पाय आखूड असलेले, सगळ्यांचे कोट मी शिवले. शेजारच्या गावांतून माणसे येतात. एका म्हाताऱ्या शिक्षकांनी कोट घातला, ते आरशासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, मी असा दिसतो होय? बरा दिसतो की!" या शहरात असे काम दुसरे कोणी करीत नाही. हे मी मिरवण्यासाठीच लिहिले आहे.

आणि हीच बाई मनाच्या डॉक्टरांसमोर सहा महिने ताठ उभी राहत होती. "कशा आहात?" "छान." "झोप?" "उत्तम." ते त्या मापाने औषध देत होते आणि ते मला लागू पडत नव्हते. एका सकाळी वहीत गिऱ्हाइकाचे माप उतरवताना हे माझ्या लक्षात आले, आणि मला इतका राग आला की मी तशीच, हातात टेप घेऊन, दवाखान्यात गेले. त्या दिवशी त्यांना खरे सांगितले. गोळी बदलली. हळूहळू फरक पडला.

कलम तिसरे. बँकेत जे काही उरेल त्यातून पाठीच्या व्यायामाच्या दवाखान्यात बसण्यासाठी हात असलेल्या, उंच लाकडी खुर्च्या घेऊन द्याव्यात. तिथे ठेवलेले बुटके बाक ज्याने निवडले त्याने त्यावर एक तास बसून दाखवावे. मी बत्तीस वर्षे हे तोंडी सांगत आले, आता लेखी सांगते.

कलम चौथे. भिंतीवर खडूने लिहिलेला नियम पुसू नये. वाईट दिवशी फक्त अस्तर कापायचे. नैराश्य परत येते. माझ्याकडे ते पाच वेळा परत आले. अशा दिवशी महागाच्या कापडाला हात लावला तर चूक होते, आणि घरी पडून राहिले तर दिवस लांबतो. म्हणून गोळी घ्यायची, चालत दुकानात यायचे, आणि अस्तर कापायचे. सगळ्यात वाईट वर्षी आमच्याकडे एवढे अस्तर साठले होते की काजवाली म्हणाली, "ताई, आता जरा बऱ्या व्हा, ठेवायला जागा नाही." हसू आले. तेही औषधात धरावे.

कलम पाचवे. हे कलम खोडले आहे आणि खोडल्याजागी माझी सही आहे. का खोडले ते पुढे येईल.

कलम सहावे. मला निरोप देताना माझा करडा कोट घालावा. कोणी मला सरळ करू बघू नये.

आता पाचव्या कलमाविषयी. त्यात वडिलांची मोठी कात्री थोरल्या भावाला दिली होती. वडील याच टेबलाशी कापत. दादाने धंदा घेतला नाही, कचेरीत कारकून झाला, पण कात्री त्याला हवी होती आणि मी दिली नव्हती. मनात अढी होती. मी अंथरुणावर असताना त्याने मला न विचारता दुकानात येऊन अकरा गिऱ्हाइकांचे कापड परत केले आणि प्रत्येकाला सांगितले की बहिणीच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. त्यांतले सात जण पुन्हा आले नाहीत. ते मी विसरले नाही. तरी वय झाले, म्हणून कात्री त्याच्या नावे लिहिली आणि आज त्याला बोलावून मसुदा वाचायला दिला.

त्याने सगळा वाचला. दुकान काजवालीला जाते हेही वाचले. मला वाटले आता आवाज चढेल. त्याने चष्मा काढला आणि वकीलबाईंना विचारले, "साक्षीदार कोण?"

"डॉक्टर, आणि शेजारचे किल्लीवाले."

"किल्लीवाला हिला काय ओळखतो? उद्या भांडण निघालं तर ते माझ्याच घरातून निघेल. माझा मुलगा आत्ताच म्हणतो, आत्या गोळ्या खाते, तिचं लिहिलेलं कोण धरतंय. माझी सही असली की त्याचं तोंड बंद होईल."

"पण तुम्हाला यातून वस्तू मिळतेय," वकीलबाई म्हणाल्या. "साक्षीदाराला काही मिळालं की लोक शंका घेतात."

दादा कात्रीकडे बघत राहिला. ती टेबलावरच होती. "मग माझं कलम खोडा."

मी म्हटले, "दादा, तुला हवी होती ना रे?"

"हवी होती. अजून हवी आहे. खोड म्हटलं ना!"

मला रडू आले. वकीलबाईंनी विचारले, थांबू या का. मी म्हटले, रडणाऱ्याचे मनही शुद्धीवर असते, आणि पुढे लिहू लागले. कात्री आता दुकानाबरोबर काजवालीकडे जाईल.

यापूर्वीची माझी सगळी लिखाणे रद्द समजावीत. हे शेवटचे.

ठिकाण: दुकान, कापण्याचे टेबल. गुरुवार, सकाळचे साडेअकरा. उजेड चांगला आहे.

सही, मृत्युपत्र करणारी.

साक्षीदार पहिले, मनाचे डॉक्टर: मी यांच्यावर एकोणीस वर्षे उपचार करीत आहे. आज यांना तपासले. लिहिले आहे ते समजून, स्वतःच्या इच्छेने लिहिले आहे. सही.

साक्षीदार दुसरा, थोरला भाऊ, स्वतःच्या अक्षरात: हिने माझ्यासमोर सही केली. त्याआधी सगळी पाने मोठ्याने वाचली, वकीलबाईंच्या दोन चुका काढल्या आणि माझी एक. वीस वर्षांपूर्वी मी हिच्या गिऱ्हाइकांना जे सांगितले ते खरे नव्हते. मी घाबरलो होतो. असले इथे लिहायचे नसते असे वकीलबाई म्हणतात, पण मला हे सही करूनच सांगायचे आहे. माझी बहीण शुद्धीवर आहे. तेव्हाही होती. सही.