आतल्या पिना आणि मागच्या खोलीतले यंत्र

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, व्यवसाय बुकबाइंडिंग, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, चष्मा लावून आणि कोणाच्याही दबावाला न जुमानता लिहीत आहे. मुलगी म्हणते, "आई, इतक्यात कशाला?" प्रकृती ठणठणीत आहे म्हणूनच. हात थरथरायला लागल्यावर लिहिलेले वाचणार कोण? खरे कारण मात्र कलम ४ मध्ये आहे. धाकट्या भावाशी माझे एकोणीस वर्षे बोलणे नाही, आणि ते तसेच ठेवून मला जायचे नाही.

कलम १. राहते घर, बँकेतली ठेव आणि कारखान्यातला माझा अर्धा हिस्सा मुलीला. घरातला स्वयंपाकघराचा नळ हलक्या हाताने फिरवावा लागतो, हे जावयांनी ध्यानात ठेवावे. त्यांनी तो दोनदा मोडला आहे.

कलम २. दाभणे, सुया, कागद दुमडायच्या हाडाच्या पट्ट्या आणि पुस्तके दाबायचा लाकडी शिकंजा बारा वर्षे माझ्याबरोबर पुस्तके शिवणाऱ्या कारागीर बाईंना. त्या माझ्यापेक्षा फटकळ आहेत, त्यामुळे हत्यारांना करमेल.

कलम ३. माझ्या पोटातल्या पिना. या मिळकतीत धरायच्या का, असे विचारल्यावर वकीलबाई हसल्या. चौदा वर्षांपूर्वी सर्जननी माझ्या आतड्याचा वीतभर खराब भाग कापून टाकला आणि उरलेली दोन टोके जोडली. कातडीवर टाक्यांऐवजी बावीस पिना होत्या. अकराव्या दिवशी नर्सने त्या काढल्या तेव्हा मी एकेक मोजून घेतली. पाने मोजायची सवय अंगात मुरलेली. बावीसच्या बावीस निघाल्या, प्रकरण मिटले, असे समजून मी घरी आले.

पाच वर्षांनी कंबर धरली म्हणून एक्स-रे काढला, तर पोटात बारीक पिनांची गोल रांग. माझ्या पायाखालची जमीन सरकली. पुस्तकात तार राहिली की काय होते ते मी जन्मभर पाहिले आहे. आधी तांबूस डाग, मग भोक, मग पान सुटून हातात. तीन आठवडे मी आंबट खाल्ले नाही, खाली वाकले नाही, कारखान्यातला लोहचुंबक पोटावरून फिरवून पाहिला. तो नुसता गार लागला. शेवटी एक्स-रे काखोटीला मारून सर्जनकडे भांडायला गेले.

"वरच्या काढल्यात आणि आतल्या विसरलात," मी म्हणाले.

त्यांनी फिल्म उजेडात धरली. "विसरलो नाही, बाई. ठेवल्यात. जोड त्यांनीच धरलाय."

"गंजतील त्या."

"टायटॅनियम आहे, गंजत नाही. आणि हे मी तेव्हाच तुमच्या भावाला सांगितलं होतं. बाहेर बाकावर बसले होते ते. म्हणाले, ताई जागी झाली की मी सांगतो."

मी एक्स-रे पाकिटात घातला. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी धाकटा माझ्या खाटेशी आला होता, आणि मी झोपेचे सोंग घेतले होते. तो थोडा वेळ उभा राहिला, पायावरची चादर सारखी केली आणि गेला.

पिना माझ्याबरोबरच जाव्यात, कोणी आठवण म्हणून काढून घेऊ नयेत. त्यांच्या जिवावर मी दोन वेळा पोटभर जेवते आणि तीन जिने चढते. शिवाय रांग एकसारखी आहे, हे कबूल करायला हवे.

कलम ४. वडिलांमागे कारखाना आम्हा दोघांचा. धाकट्याने मला न विचारता तारेच्या पिना मारायचे यंत्र आणले आणि एका वाचनालयाची दोनशे पुस्तके त्यावर बांधली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सगळी उसवली आणि गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, "ज्याला दोरा ओढता येत नाही, तो तार मारतो." हे खोटे होते. त्याचा दोरा माझ्यापेक्षा सरळ जातो. त्याने कारखान्याची किल्ली टेबलावर ठेवली आणि दोन गल्ल्या सोडून वह्यांचे दुकान काढले.

सर्जनकडून परतल्यावर मी मागच्या खोलीतल्या यंत्रावरचे फडके काढले. तेव्हापासून दर महिन्याला त्याला तेल देते. पातळ वहीला पिन चालते, हे मान्य. जाड पुस्तकाला दोराच लागतो, हे माझे मत मेल्यावरही बदलणार नाही. चूक कळून नऊ वर्षे झाली, पण पाय त्या गल्लीकडे वळले नाहीत. हट्टीपणा आमच्या घरात सगळ्यांना सारखा वाटून आला आहे.

कलम ५. ते यंत्र आणि ती किल्ली माझ्या पश्चात धाकट्याला द्यावी. त्याला सांगावे की मी खोटे बोलले होते आणि मला त्याची माफी हवी आहे.

कलम ५ रद्द. कारण असे. मसुदा वाचून वकीलबाई म्हणाल्या, "मावशी, हे त्यांना तुमच्यामागं कळणार. मग माफी दिली की नाही, ते तुम्हाला कोण सांगणार?" मी चपला घातल्या आणि दोन गल्ल्या चालत गेले. तो वह्या मोजत होता. मान वर करून म्हणाला, "बस, ताई."

"आतल्या पिनांचं मला कळलं," मी म्हणाले.

"कधी?"

"झाली नऊ वर्षं. दवाखान्यात तू आलास तेव्हा मी जागी होते रे."

"माहितीये. सोंग तुला कधीच जमलं नाही. पापण्या हलतात तुझ्या."

मग मी कलम ५ तोंडाने सांगितले, त्याच्या कामगारांदेखत. त्याने हातातल्या वह्यांच्या कडा सारख्या केल्या. नंतर म्हणाला, "यंत्राला तेल कुठलं घालतेस?"

ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई सांगतात. धाकट्याला सही करायचीच आहे. म्हणून यंत्र आणि किल्ली आजच हातोहात दिली. यंत्र हलवायचे नाही. सोमवारपासून तोच इकडे येतो आहे. ही पाने जोडायला मी त्याला पिन मार म्हटले. त्याने सुई-दोरा मागितला.

स्थळ: कारखान्याची मागची खोली. दिनांक: १४ जून, दुपारी तीन.

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार पहिले, सर्जन, आता निवृत्त: बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. आतला जोड पक्का आहे. (सही)

साक्षीदार दुसरा, धाकटा भाऊ: माझ्यासमोर सही केली. ताई जागी होती. (सही)