उजव्या भिंतीवरची पॅनलं

बाबा, मुरबाडजवळच्या एका बंगल्यात मी गाणी ऐकायची खोली करतोय. तुम्हाला हसू येईल, पण आता लोक त्यासाठी वेगळी खोली बांधतात आणि आवाज भिंतींवर आपटून घुमू नये म्हणून कापडात गुंडाळलेली रॉकवूलची, म्हणजे आवाज पिणाऱ्या दगडी लोकरीची, पॅनलं लावायला मला बोलावतात. लग्नाच्या मांडवात स्पीकर लावणारा मी इथवर आलो तो कानांच्या जिवावर. जागा ठरवायला आरसा असतो. मी खुर्चीत बसायचं, कुणीतरी भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा, त्यात स्पीकर जिथं दिसेल तिथं पॅनल. पण शेवटचं माप कानाचं.

परवा गाणं लावून बसलो तर उजवी भिंत फार वाजत होती. एक पॅनल लावलं, मग जाड लावलं, मग शेजारी आणखी एक. घरच्या बाई चहा घेऊन आल्या नि म्हणाल्या, "अहो, त्या भिंतीला काय थंडी वाजतेय? मघाशी गाणारीचा आवाज समोरून येत होता, तुम्ही तिला पार डावीकडं ढकललीत." मी हसलो. त्या गेल्यावर जादाची पॅनलं उतरवली, खुर्ची उलटी फिरवली आणि स्पीकरकडे पाठ करून बसलो. दोष भिंतीचा असता तर आवाज आता डाव्या कानाकडं यायला हवा होता. तो उजवीकडंच राहिला. भिंत चांगली आहे, बाबा. माझा डावा कान जातोय.

डोळ्यांपुढं खाणीवरून आलेले तुम्ही दिसलात, सुरुंगांनी कान गेलेले, चुलीपाशी बसलेले. आई म्हणतेय, "धाकटीला ताप हाय, रातभर झोपली नाय," आणि तुम्ही हसून मान हलवताय. पुढं ती बोलण्याआधी तुमच्या खांद्याला हात लावायची. मांडवात मी स्पीकरला टेकून बसलो की तुम्ही दंडाला धरून उठवायचात. "माझ्याकडं बघ रे, नि मग बस तिथं." तो दणका तुम्हाला पायांनी कळायचा.

शेवटी आरशानं दाखवलं तेवढंच ठेवलं आणि बाईंना म्हटलं, "बरोबर झालं का ते तुम्हीच सांगा." त्या डोळे मिटून बसल्या. म्हणाल्या, "आता बरोबर." मला त्यातलं काही कळलं नाही.

शहापूरला घरी अजून कुणाला बोललो नाही. डॉक्टर दुसरा कानही जाणार म्हणाला तर, या धास्तीनं तिकडं फिरकलोही नाही. हे पत्र टाकणार तरी कुठं? पण तुम्ही असतात तर मला हे तुमच्या कानाशी ओरडून सांगावं लागलं असतं, आणि मी किती घाबरलोय ते सगळ्या आळीला कळलं असतं.